नवव्या पाटावरून

"आडनाव काय गं तुझं?"

मी सांगितलं. संस्थाचालकांच्या काकींनी माझ्या पायांवर ओतायला धरलेला तांब्या तसाच मागं घेतला.

"ऊठ. तू नको."

नवरात्र होतं. आमच्या कन्या शाळेत दरवर्षी नऊ कुमारिका पाटावर बसवायच्या. काकी त्यांचे पाय धुवायच्या, कुंकू लावायच्या, पुरणपोळी वाढायच्या. त्या दिवशी एक मुलगी आली नाही, म्हणून हेडबाईंनी घाईघाईत मलाच नवव्या पाटावर बसवलं. मी सातवीत होते.

"मागं भांडी पडल्यात, तिकडं मदत कर जा," हेडबाई म्हणाल्या.

सगळ्या मुली बघत होत्या. आम्ही बौद्ध. घरात देवी नाही, मला पाय धुवून घ्यायची हौसही नव्हती. पण मी आपणहून बसले नव्हते.

ही शाळा मला सुखासुखी मिळाली नव्हती. थोरल्या ताईला एसटीत पोरं छळायची. वडिलांनी, अण्णांनी, पोरांना काही म्हटलं नाही, ताईची शाळा बंद केली. मला शिकवायचं तर पोरींच्याच शाळेत, ही त्यांची अट. आणि इथं मला बरं वाटायचं, ते का नाकारू? गावच्या शाळेत उत्तर येत असून मी गप्प बसायची, मागची पोरं फिदीफिदी हसायची म्हणून. इथं फळ्यावर जाऊन गणित सोडवायला लागले. खो-खोत ओढणी न सांभाळता पळायला लागले. "आपण सगळ्या बहिणी-बहिणी," असं हेडबाई म्हणायच्या. मी भोळी, खरं मानलं. फाटकातून मुलगे तेवढे आत येत नव्हते. जात रोज दप्तर घेऊन येत होती.

"म्या न्हाय उठणार," मी म्हणाले. "तुमीच बसवलंय."

काकी तांब्या आपटून निघून गेल्या. पूजा तिथंच मोडली.

दुसऱ्या दिवशी अण्णांना बोलावणं आलं. पोरीनं काकींची माफी मागावी, नाहीतर दाखला घेऊन जा. अण्णा हात जोडून उभे. मला काकींपेक्षा त्या जोडलेल्या हातांचा जास्त राग आला.

बाहेर आल्यावर म्हणाले, "माग की माफी, बाय. काय झिजतंय? पोरांच्यात न्हाय धाडणार म्या तुला."

"पोरांच्यातच धाडा. शिट्टी मारली तर उलटून बोलता तरी येतं. हितं कुणाला बोलू?"

अण्णांनी दाखला घेतला आणि मला घरी बसवलं. ताईसारखंच माझंही होणार, या भीतीनं जेवण जाईना. शेवटी ताईच अण्णांवर तडकली, "माझी बंद केली तवा म्या गप बसले. हिची करू नका." आयुष्यात पहिल्यांदा ती त्यांच्यापुढं मोठ्यानं बोलली.

आता मी एसटीनं जळकोटला जाते, मुलामुलींच्या शाळेत. मागच्या सीटवरून शिट्टी आलीच. मी उभी राहिले आणि त्या पोराला त्याच्या बापाचं नाव घेऊन विचारलं, "घरी सांगू का?" पुढं त्याची शिट्टी थांबली. दुसरा कोणीतरी सुरू करेल, मला माहीत आहे. त्यालाही विचारीन.

शिकणं मी सोडणार नाही. शिट्टीपायी नाही, तांब्यापायी नाही. आणि कुठंही मला बसवून, मग आडनाव विचारून "ऊठ" म्हणालात, तर मी उठणार नाही.