छत्तीस भोकं आणि कोसाडचे मामा

स्पोकचं चाक ट्यूबलेस करायचं म्हणजे सीलंट लावल्यावर एक अख्खा दिवस चाकाला हात लावायचा नाही. हा नियम मी गॅरेजच्या भिंतीवर मराठी, गुजराती आणि हिंदी अशा तिन्ही भाषांत रंगवून घेतलाय. लोक तो तिन्ही भाषांत वाचतात आणि तिन्ही भाषांत विचारतात, "अर्ध्या तासात होईल ना?" नाही म्हटलं की घरी जायचं सोडून बाकड्यावर बसतात आणि सीलंट वाळताना बघत राहतात. रिकामा माणूस गप्प बसत नाही. गुजरातेतल्या आमच्या उधन्याच्या गॅरेजमध्ये टायरांपेक्षा किस्से जास्त साठलेत ते त्यामुळे!

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जुन्या पद्धतीच्या चाकात छत्तीस स्पोक असतात, म्हणजे रिमला छत्तीस भोकं. त्यातून हवा निघून जाते म्हणून आत ट्यूब घालायची. आम्ही ती भोकं आतून सीलंटने बुजवतो, वरून टेप मारतो, वेगळा वॉल्व्ह बसवतो आणि ट्यूबलेस टायर चढवतो. रिमचा काठ टायर नीट धरणारा नसेल तर काम घेत नाही, मग गिऱ्हाईक कितीही तोंड वाकडं करो. 'आम्ही' म्हणजे मी आणि माझा पार्टनर संजू. मी मूळचा शिरपूरकडचा, संजू पारोळ्याचा. या सगळ्या भानगडीत संजूचं लग्न अडकलं होतं, तेवढं ध्यानात ठेवा.

*

पहिलं ट्यूबलेस चाक संजूने माझ्याच गाडीचं केलं. "माझ्यावर भरवसा ठेव, भाऊ!" मी ठेवला. सकाळी बघतो तर टायर सपाट. हवा भरली, दुपारी पुन्हा सपाट. तीन दिवस हा खेळ चालला. शेवटी टायर उतरवून बघितलं तर गड्याने पस्तीस भोकं बुजवलेली, छत्तिसावं तसंच उघडं!

"अरे, एक राहिलं की!"

"पस्तीसला पास असतं ना, भाऊ?"

दहावीला याला नेमके पस्तीसच पडले होते.

*

हजीऱ्याच्या एका प्लांटमधले एक साहेब आले होते. मोठी गाडी आणि लडाखला जायची तयारी. यांनी मोबाइलवर इतके व्हिडिओ बघितले होते की आम्हाला हात लावू देण्याआधी अर्धा तास क्लास घेतला. "रिम अल्कोहोलने पुसता ना? नाहीतर सीलंट धरत नाही." पुसतो म्हटलं. तरी त्यांनी स्वतःची बाटली आणली होती. वर ठळक अक्षरात अल्कोहोल लिहिलेलं. ती त्यांनी ऐटीत बाकड्यावर ठेवली.

गुजरातमध्ये, भर दुपारी, उधन्यात!

पाच मिनिटांत आमच्या गॅरेजसमोर वर्दळ वाढली. शेजारच्या कापडाच्या लूमवरचे एक काका, कधी एका शब्दाने बोलले नाहीत, ते आत आले, इकडेतिकडे बघितलं आणि माझ्या कानाशी लागले. "परमिट आहे का?"

"काका, ते पिण्याचं नाही. विष आहे. चाक पुसायचं आहे."

काकांनी बाटलीकडे बघितलं, मग चाकाकडे बघितलं. "बरंय बाबा," ते म्हणाले, "चाकाला तरी मिळतंय!"

*

पलसाण्याच्या डाइंग मिलमधले एक मास्तर आहेत. कापडाचा रंग पक्का करण्यात यांचा हात धरणारा कोणी नाही, हे त्यांनीच आम्हाला सांगितलं. चाकाला सीलंट लावून झालं आणि मास्तर अडून बसले. "एक दिवस कशाला? आमच्याकडे रोज हजारो मीटर साडी मिनिटात वाळते."

"मास्तर, ही साडी नाही."

"ते मला शिकवू नका."

चाक उचलून घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी परत. सीलंटला पापडासारखे फोड आलेले, टेप गोळा होऊन एका बाजूला बसलेली. मास्तरांचा आवाज चढलेला, "तुमचा माल डुप्लिकेट आहे!"

मी हळूच विचारलं, "ठेवलं कुठे होतं?"

तर मिलमध्ये ओलं कापड ताणून वाळवायचं जे लांबलचक गरम मशीन असतं, त्याच्या तोंडाशी! किती डिग्रीवर, विचारलं तर मास्तर छाती काढून म्हणाले, "एकशे ऐंशी. पॉलिस्टरला तेवढी लागतेच."

संजू गंभीरपणे चाकावरून बोट फिरवत म्हणाला, "हवा राहणार नाही, मास्तर. पण धुतलं तर रंग जाणार नाही!"

*

एक पोरगा गाडी ट्यूबलेस करून घेऊन गेला आणि संध्याकाळी आईला घेऊन आला. माउली नंदुरबारकडची. पदर खोचून सरळ मुद्द्यावर आली.

"आतली ट्यूब काढली म्हणे तुम्ही?"

"हो मावशी."

"मग आता आत काय आहे?"

"हवा."

"नुसती हवा? आणि माझं लेकरू त्याच्यावर बसून हायवेने कामाला जाणार?"

"मावशी, ट्यूबमध्ये पण हवाच असते."

"असते ना! पण ती ट्यूबमध्ये असते!"

ट्यूब परत घालून दिली. माउलीने चाकाला हळदकुंकू लावलं, टायरखाली लिंबू ठेवलं, पोराला त्यावरून गाडी न्यायला लावली आणि जाताना मला म्हणाली, "लोकांच्या जिवाशी खेळू नका." पोरगा माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता.

*

आता संजूचं.

संजू राहायला कोसाडला. त्याच्या वसाहतीच्या वाटेवर एक पंक्चरचं दुकान आहे. मालक मूळचे अमळनेरचे, सगळी वसाहत त्यांना मामा म्हणते. आमच्याकडे मामाच्या पोरीवर भाच्याचा हक्क मानतात, आणि मामांना पोरगी होती. त्यामुळे वसाहतीतल्या निम्म्या पोरांना मामांबद्दल फार आदर होता!

तिचं नाव वर्षा. दुकानात बापाच्या बरोबरीने काम करते. टायर उतरवणं, ट्यूब घासणं, पॅच लावणं, सगळं. तिचा हात चालताना मी बघितलाय. वॉल्व्हच्या आतली बारीक पिन, जी हवा अडवून धरते, ती काढायला मला अर्धं मिनिट लागतं. ही गिऱ्हाइकाशी बोलता बोलता काढते.

आमचं ट्यूबलेस सुरू व्हायच्या आधी संजूच्या गाडीला आठवड्यात तीन पंक्चर व्हायची. मी म्हणायचो, कोसाडचा रस्ता बेकार. एकदा त्याच्या डब्याच्या पिशवीत मला टाचण्यांचं पाकीट सापडलं. डब्यासोबत टाचण्या कोण खातो? विचारलं तर लाजला. लाजणारा पार्टनर फार वाईट दिसतो.

आणि याच बहाद्दराने पुढे ट्यूबलेसचं काम असं काही शिकून घेतलं की लगेच आपल्याच गाडीची दोन्ही चाकं केली! हौसेच्या भरात. पंक्चर बंद, दुकानात जायचं निमित्त बंद. महिन्याने डोक्यात प्रकाश पडला. "भाऊ, मी काय करून बसलो?" मी म्हटलं, "छत्तीसच्या छत्तीस बुजवलीस. यावेळी पैकीच्या पैकी!"

*

मग सरळ मागणी घालायचं ठरलं. संजूला वडील नाहीत, आई गावाला, तेव्हा वडीलधारा म्हणून मी त्याच्यासोबत गेलो. मामांनी पाणी दिलं, खुर्ची दिली. पोरगा काय करतो, विचारलं. मी अभिमानाने सांगितलं.

मामा ताडकन उठले. रागात मामा कायम अहिराणीत बोलतात. "तू मना पोटवर लाथ मारस आनि मनी पोरबी मांगस?"

ट्यूबलेसचा विषय त्यांच्यासमोर काढायचाच नसतो, हे मला संजूने सांगायला नको का? ट्यूबलेस म्हणजे थोतांड, ट्यूबलेस म्हणजे बनियन न घालता शर्ट घालणं, असं ते दिवसभर गिऱ्हाइकांना सांगत असतात. तासभर बोलणी खाल्ली. शेवटी संजूने हात जोडले. "मामा, माझं काम कच्चं निघालं तर पोरगी देऊ नका. पण आधी बघा तरी!"

मामांनी तिथल्या तिथे अट घातली. एक महिना. रोज सकाळी कामाला जाताना आणि संध्याकाळी येताना, दोनदा, त्यांच्या दुकानावरून जायचं. महिन्यात एकदाही हवेसाठी किंवा पंक्चरसाठी दुकानात थांबावं लागलं नाही, तर पोरगी त्याची. थांबला, तर विषय कायमचा संपला. वर्षा कोपऱ्यात ट्यूब घासत होती. तिला कोणी काही विचारलं नाही. मीही नाही.

*

तो महिना संजूने असा काढला, जणू परीक्षेचा पेपर लिहितोय. रोज सकाळी साबणाचं पाणी घेऊन दोन्ही चाकांचे छत्तीसच्या छत्तीस स्पोक तपासायचा, बुडबुडा आहे का बघायचा. दुकान आलं की मान ताठ, नजर सरळ, हात हँडलवर घट्ट. मी म्हटलं, "अरे, तिच्याकडे एकदा बघ तरी." तर म्हणे, "नको भाऊ. लक्ष विचलित झालं आणि खिळा चुकवायचा राहिला तर?"

दुसऱ्या आठवड्यात मी एकदा त्याच्या मागे बसून गेलो, तर वर्षा रस्त्याकडे पाठ करून स्टुलावर बसलेली. संजू म्हणाला, ऊन लागत असेल. मलाही ते पटलं. दोघांची अक्कल मिळून पस्तीस भरली नसती.

तिसावा दिवस. संध्याकाळची शेवटची फेरी. साक्षीदार म्हणून मी मागे बसलेलो. दुकानाच्या वीस पावलं अलीकडे लोचोची, म्हणजे डाळीच्या वाफवलेल्या नाश्त्याची, हातगाडी लागते. संजूचा आनंद पोटात मावेना. "भाऊ, तुला लोचो खाऊ घालतो. मग दुकानावरून जाऊ, घरी पोचू, जिंकलो!" थांबलो. गरम लोचो, वर शेव, कांदा, आणि शेजारी स्टोव्हचा कान किटवणारा भरभराट. वर्षा तिथेच पार्सल घ्यायला आली होती. संजूने शिस्तीत तिकडे पाठ केली. पार्सल घेऊन जाताना ती आमच्या गाडीपाशी सँडलचा पट्टा लावायला बसली, उठली आणि गेली. मी हे बघितलं. मला वाटलं, पट्टाच लावतेय!

खाऊन झालं. गाडी स्टँडवरून काढली तर पुढचं चाक जमिनीला चिकटलेलं.

लोचोवाला वाकून म्हणाला, "एमां हवा ज नथी, भाई!"

संजूचा चेहरा मला बघवेना. महिनाभर ज्याने रोज बुडबुडे शोधले, तो माणूस गाडी ढकलत ती वीस पावलं चालला. मामा दुकानाच्या दारात उभेच. त्यांनी स्वतः कॉम्प्रेसरची नळी आणली. हवा भरली, नळी काढली, सूं करून सगळी हवा बाहेर. पुन्हा भरली, पुन्हा सूं! मामांनी रस्त्यावरच्या लोकांना हाका मारल्या. "हाई देखा! रिमनी चाळनी व्हई गयी!" पंधरा-वीस माणसं जमली. संजू खाली मान घालून म्हणाला, "चुकलं माझं काम, मामा."

तेवढ्यात माझं लक्ष वॉल्व्हकडे गेलं.

"मामा," मी म्हटलं, "पिन कुठंय?"

मामा वाकले. वॉल्व्ह आतून रिकामा. तीस वर्षं पंक्चर काढणाऱ्या माणसाने तेवढंच बघितलं नव्हतं. "पिन कोठे गयी?"

वर्षाने मूठ उघडली.

"महिनाभर रोज दोनदा पुढून जातो," ती म्हणाली. "एकदा मान वळवली नाही. लोचो खायला बरा थांबतो!"

मामांनी पिन घेतली, बसवली, हवा भरली. मग साबणाचं पाणी आणून एकेक स्पोक स्वतः तपासला, छत्तीसच्या छत्तीस. पंधरा मिनिटं लागली. एक बुडबुडा आला नाही. हात पुसत ते लेकीला म्हणाले, "वर्षा, तीन चहा सांग वं."

"चार," वर्षा म्हणाली, आणि स्टूल रस्त्याकडे फिरवून बसली.