वर्षश्राद्धानंतरची तक्रार

“वर्षश्राद्ध झालं म्हणता ना? मग मुदत गेली,” आमचे सीनियर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पक्षकाराला हाक मारली.

समोर धोंडूबाबा बसले होते. कशेडी घाटाच्या वरच्या अंगाला त्यांची भातशेती. नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं होती आणि मी महाडला नुकतीच वकिली सुरू केली होती. बाबांचा मुलगा सुरेश हायवेवरच्या एका हॉटेलात कामाला होता. ट्रकमधला माल चोरल्याच्या संशयावरून पोलिसांनी त्याला उचललं. मग त्याचं प्रेतच घाटाखाली सापडलं. पोलिसांचं म्हणणं, आम्ही त्याला त्याच संध्याकाळी सोडलं होतं, पुढे पाय घसरून पडला असेल.

“मला चोराचा बापूस म्हनतात, बाय,” बाबा मला म्हणाले. “माजा पोरगा चोर नव्हता, येवढं कोनीतरी सांगा. दुसरं काय नको.”

पहिल्या काही दिवसांतच इथल्या सगळ्या साहेबांचे दरवाजे वाजवून झाले होते. राहिला होता दिल्लीचा मानवी हक्क आयोग. सरकारी माणसानेच कुणाचा जीव घेतला, छळ केला, तर त्याची चौकशी करायला सरकारनेच कायद्याने नेमलेली ही संस्था. पण घटनेला वर्ष उलटलं की ती प्रकरण हातात घेत नाही.

“मग इतके दिवस काय करत होतात?” मी जरा चिडूनच विचारलं.

“वरीस सरल्याबिगर घरातनं कोर्टकचेरी नाय करायची, आसं भावकीनं ठरवलेलं. काल वर्षश्राद्ध झालं, आज आलो.”

मी कपाळाला हात लावला. आणि तेव्हाच डोक्यात आलं, वर्षश्राद्ध होतं तिथीने. कायदा चालतो तारखेने. तिथीचं वर्ष कॅलेंडरच्या वर्षाहून थोडं लहान असतं. घाईघाईने पोस्टमॉर्टेमच्या कागदावरची तारीख पाहिली. थोडे दिवस अजून हातात होते. मधे अधिक महिना आला असता तर तेही गेले असते. ज्या रिवाजामुळे बाबा घरी बसून राहिले, त्यानेच त्यांना वेळेत आणून सोडलं होतं. मी तो कागद घेऊन सीनियरकडे गेले.

“पाठवा,” सीनियर म्हणाले. “पण त्यांना नीट सांगा. आयोग कुणाला तुरुंगात टाकत नाही. सरकारला शिफारस करतो. म्हणजे सल्ला. ऐकला तर ऐकला.”

तक्रार साध्या कागदावर, मराठीत लिहिली. स्टँप नाही, फी नाही, वकीलसुद्धा लागत नाही. हे शेवटचं पचायला मला वेळ लागला. एसटीडी बूथवरून फॅक्स केला आणि रजिस्टर पोस्टानेही पाठवली.

उत्तर येईल असं काही मला वाटत नव्हतं. पण आयोगाने पोलिसांकडे खुलासा मागितला. ज्या चौकीच्या दारात बाबांना तासन्‌तास ताटकळत ठेवायचे, तिथले साहेब जीप घेऊन त्यांच्या अंगणात हजर झाले. तब्येतीची चौकशी करून गेले म्हणे. दिल्लीचा एक कागद काय करू शकतो, ते मी थक्क होऊन पाहत होते.

खुलासा पटला नाही, तेव्हा आयोगाचा स्वतःचा तपास अधिकारी पोलादपूरला, त्या चौकीच्या गावी आला. चौकीत चहा पोचवणाऱ्या टपरीवाल्यासमोर बाकावर बसला आणि त्याने सरळ विचारलं. मी दुभाषी म्हणून शेजारी होते.

“सोडला म्हनतात ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मीच त्याला चौकीत च्या दिला,” टपरीवाला म्हणाला. “त्याला उभं ऱ्हावत नव्हतं.”

“आधी का नाही सांगितलंत?”

“आधी कोनी इचारलंच नाय.”

पुढे निकाल आला. सुरेशचा मृत्यू पोलिसांच्या ताब्यात, मारहाणीने झाला. त्याच्याविरुद्ध चोरीचा गुन्हासुद्धा नोंदवलेला नव्हता. कुटुंबाला भरपाई द्यावी आणि संबंधितांवर खटला भरावा, अशी शिफारस. भरपाई मिळाली. खटल्याची मंजुरी मंत्रालयात विचाराधीन राहिली. एका पोलिसाची बदली झाली, दुसरा यथावकाश सत्कार घेऊन रिटायर झाला. मला संताप आवरत नव्हता.

निकाल आला तेव्हाच मी तो गावात जाऊन वाचला होता. भावकी जमली होती. चोरीचं वाक्य बाबांनी मला पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं, “आनि त्यांना शिक्षा?”

“ते आयोगाच्या हातात नाही, बाबा. तो फक्त सांगतो.”

“कोनाला?”

“सरकारला.”

“माज्या पोरापायी सरकारला जाब इचारला,” बाबा हळूच म्हणाले, आणि सुरेश गेल्यापासून त्यांच्याशी न बोललेला चुलतभाऊ उठून त्यांच्या शेजारी येऊन बसला.

आता असं प्रकरण घेऊन कुणी आलं, की मी आधीच सांगते, शिक्षेची आशा ठेवू नका. आणि मग तक्रार लिहायला घेते.