पूजेचं ब्लेड

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत माझी लोखंड कापून देण्याची शेड आहे. लोक मला कटिंगवाले दीपकशेठ म्हणतात. शेठ म्हणावं असं माझ्यात काही नाही, एक पोट सोडलं तर. पण इतकी वर्षं बँडसॉ मशीन, म्हणजे पट्ट्यासारख्या करवतीचं यंत्र, चालवून ब्लेडमधलं आपल्याला सगळं कळतं, असा माझा पक्का समज होता. दातांवरून अंगठा फिरवायचा, डोळे मिटायचे आणि "हं" म्हणायचं. समोरचा गार! खरं तर मी आयुष्यभर जाड सळयाच कापल्या. त्यांना मोठ्या दातांचं ब्लेड लागतं, एवढंच मला ठाऊक होतं.

माझी मुलगी तेजल मेकॅनिकलचा डिप्लोमा करून घरी आली होती. चाकणच्या एका कंपनीत तिला नोकरी लागली होती, दसरा झाला की रुजू व्हायचं होतं. तिनं जाऊ नये, माझ्याबरोबर शेडमध्ये उभं राहावं, असं मला फार वाटत होतं. पण तसं सरळ म्हणेन तो मी कसला? मी ठरवलं, आपलं कसब दाखवायचं. पोरगी भारावून जाईल आणि आपण होऊनच म्हणेल, "बाबा, मी इथंच राहते."

संधीही चालून आली. त्र्यंबकेश्वरच्या एका धर्मशाळेच्या रेलिंगसाठी पातळ पाईप कापायचं काम मिळालं. खंडेनवमीला आम्ही मशीनला नवं ब्लेड चढवून पूजा करतो. मी कपाटातलं सगळ्यात मोठ्या दातांचं ब्लेड काढलं. का? तर त्यावर कुंकू उठून दिसतं म्हणून.

मशीन चालवणारा बहिरू एकेका दाताला कुंकू लावत बसला. तेजलनं पाईपचा तुकडा उचलून ब्लेडला टेकवून पाहिला.

"बाबा, याच्या पत्र्याची जाडी दोन दातांच्या मधल्या फटीतच जातेय. एका वेळी निदान तीन दात तरी टेकायला हवेत, नाहीतर अडकून तुटतील. बारीक दातांचं लावा ना."

"पूजेच्या ब्लेडनंच पहिला काप घ्यायचा असतो," मी गंभीर आवाजात म्हणालो. हा नियम मी तिथं उभ्या उभ्या तयार केला होता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी ऐटीत बटण दाबलं. पहिल्याच पाईपला कडकड आवाज झाला आणि मशीनवरची झेंडूची माळ घसरून ब्लेड गार ठेवणाऱ्या खालच्या पाण्यात पडली. पाईपची कड उंदरानं कुरतडल्यासारखी दिसत होती. मी आधी पाईपला नावं ठेवली, मग ब्लेड विकणाऱ्याला, मग वीज मंडळाला. बहिरूनं वाकून ब्लेड पाहिलं.

"शेठ, ह्याचं तं पार बोळकं झालं!"

तेजल हसली नाही. हसली असती तर बरं वाटलं असतं. तिनं कपाटातून बारीक दातांचं ब्लेड शोधलं, चढवलं आणि हलक्या दाबानं मशीन चालू केलं. पाईप सुरेख कापला गेला. कडेवरून तिनं बोट फिरवलं. माझा अंगठा मी खिशात ठेवला.

तू जाऊ नकोस, एवढंच म्हणायचं होतं. पण तोंडातून निघालं, "चाकणला मेस चांगली आहे का गं?"

"आहे, बाबा," ती म्हणाली. आणि गेली.

आता पाईप आला की मी आधी ब्लेड टेकवून बघतो. तीन दात टेकले की तेच चढवतो. चूक होत नाही. तरी जेवणाच्या सुट्टीत तिला फोन लावतो. पाईप असा आहे, जाडी एवढी आहे, कुठलं लावू? ती न कंटाळता सांगते. बहिरू मशीनवर आधीच चढवलेल्या ब्लेडकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि डबा उघडतो.

काल ती म्हणाली, "बाबा, एवढं सोपं तर आहे. तीन दात. लक्षात राहत नाही का?"

"नाही गं," मी म्हणालो. "मला कुठं काय कळतं त्यातलं? उद्या परत सांग."