नईमची पाठ

नईम गेल्याची बातमी आली तेव्हा मी कांदे चिरत होतो. अमेरिकेतल्या एका गावात, देशी हॉटेलच्या भटारखान्यात. फोनवर त्याची बहीण शबाना होती, अकोटहून. "भाई, नईमभाई गुजर गए. सुबह उठेच नहीं." पुढचं मला ऐकू आलं नाही... ज्याने आयुष्यभर उठायचंच काम केलं, तो उठला नाही म्हणे. मालकांनी विचारलं, सुट्टी पाहिजे का. मी नाही म्हटलं. इथून एकदा बाहेर पडलो तर परत आत घेतील की नाही, याची माझ्या कागदांवर खात्री नाही. ज्याने मला इथे आणून कामाला लावलं, त्याच्या मातीलाही मला जाता आलं नाही.

नववीतच शाळा सुटलेला माणूस मी, पेपरात लिहायचं धाडस केलं नसतं. पण आपल्याकडच्या एका पेपरात त्याच्यावर चार ओळी आल्या, त्या कोणीतरी मोबाइलवर पाठवल्या. शेजारी चित्र होतं गोल फुटबॉलचं. त्या चेंडूला नईमने कधी लाथ मारली नाही. तो खेळायचा तो अमेरिकेतला फुटबॉल. लांबट चेंडू, डोक्यावर हेल्मेट, छातीवर चिलखत. त्यातही चेंडू त्याच्या हातात कधी यायचाच नाही. मागे चेंडू फेकणारा उभा असतो, त्याच्या अंगावर धावून येणाऱ्या धिप्पाड गड्यांना अडवायचं, एवढंच त्याचं काम. म्हणजे भिंत व्हायचं. भिंतीचे फोटो कोण काढतो?

ही भिंत उभी केली ती त्याच्या वडिलांनी, रशीद वस्तादांनी. दिवसा ते जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे आणि संध्याकाळी तालीम चालवायचे. नईम आणि मी तिथेच वाढलो. तो पैलवान, मी कुस्तीच्या हौद्यातली माती खणून तिच्यात ताक-तेल कालवणारा. वस्तादांची एक रीत होती. सरावात कोणी उताणा पडला की ते एकदा टाळी वाजवायचे. टाळी विरायच्या आत पाठ मातीवरून उचललेली पाहिजे. नाही उचलली तर म्हणायचे, "झोपाले आला काय बे? घरी गादी नाई तुह्या?" सगळे हसायचे. नईमला त्या हसण्याची फार शरम. तो टाळी वाजण्याआधीच उभा राहायचा.

आई वारल्यावर अमेरिकेतल्या मामाने त्याला नेलं. तिथल्या शाळेत त्याची छाती बघून कोणीतरी त्याला मैदानात उभं केलं, मग कॉलेज, मग पगारी खेळाडू. मोठ्या संघाच्या सराव तुकडीत एक हंगाम, बाकी सगळा काळ लहान लहान संघांत, बसने गावोगाव. तेव्हाच त्याने मामाच्या ओळखीने मला इथे बोलावलं. विमानतळावर स्वतःचं जाकीट माझ्या अंगात घातलं. त्यात माझ्यासारखे दोघे मावले असते. सराव संपला की तो भटारखान्याच्या मागच्या दाराने यायचा, दुधाच्या प्लास्टिकच्या क्रेटवर बसायचा आणि म्हणायचा, "भाकर टाक गजा. ह्या लोकायचं खाऊन जीभ मेली माही."

मी त्याचे सामने बघायला जायचो. दर वेळी डोक्यावर डोकं आदळून तो पडायचा, दर वेळी उठायचा. कधी उठून भलत्याच बाजूला चालू लागायचा, सोबतचे त्याला वळवायचे. डॉक्टर मैदानात पोचेपर्यंत हा उभा, त्यामुळे डॉक्टर अर्ध्यातून परत. त्याच्या प्रशिक्षकाला हे इतकं आवडलं की तो नवीन पोरांना नईमचे व्हिडिओ दाखवायचा. बघा, असा असतो मर्द. एकदा मी क्रेटसमोर उकिडवा बसून म्हटलं, "पडून राहत जा ना भौ थोडं. डॉक्टर पाहीन, बाहेर बसवीन."

"पडून राह्यलो तं अब्बा पाहून राह्यले ना मोबाइलवर."

"अब्बा अकोटले हायेत."

"म्हून काय झालं? टाळी ऐकू येते मले."

पुढे तो भाकरीबरोबर ठेचा मागायचा आणि ठेचा समोर असायचा. मग घरचा रस्ता चुकू लागला. संघाने काय केलं? एका सकाळी त्याचं सामान काळ्या पिशवीत भरून दारात ठेवलं, बस्स. उठायचा तोवर मर्द होता. रस्ता चुकायला लागला तसा कोणीच नाही.

तो अकोटला परतला. अमरावतीला त्याचा सत्कार ठेवला, शबानाने मला फोनवर थेट दाखवला. शाल, नारळ, हार. एका पाहुण्याने विचारलं, "एकूण गोल किती केले?" नईम नुसता हसला. मग लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि तो खुर्चीतून ताडकन उठला. बसवला. पुन्हा टाळ्या, पुन्हा उठला. लोकांना वाटलं मान देतोय, त्यांनी आणखी जोरात वाजवल्या. तो उठतच राहिला... पहिल्या रांगेत वस्ताद होते. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला फोन केला. म्हणाले, "गजू बेटा, आपल्या कुस्तीत पाठ लागली का खेळ संपते. त्यायच्यात माणूस पाडते अन् मंग पुन्हा सुरू करते. मले कोनं सांगतलंच नाई रे हे." मीही सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, त्यांना दिसतंय.

त्यानंतर नईमकडे कोणी फिरकलं नाही. सत्कारवाले नाहीत, पेपरवाले नाहीत. घरात टाळी वाजू नये म्हणून शबानाने लेकरांना दटावून ठेवलं होतं, डाससुद्धा कोणी मारत नसे. कबरीत त्याला रिवाजाप्रमाणे उजव्या कुशीवर ठेवलं. तेव्हा तालमीतले जुने गडी अभिमानाने म्हणाले, मरूनही पाठ लागू दिली नाही पठ्ठ्याने. शबाना सांगत होती, ते ऐकून अब्बा कोणाशी न बोलता घरी निघून आले आणि तालमीच्या दाराला कुलूप घातलं.

इथे मागच्या दाराशी तो क्रेट अजून आहे. एका बाजूने वाकलेला, नईमच्या वजनाने. मालक फेकू म्हणतात, मी ठेवून घेतो. परवा दुपारी हॉटेल बंद असताना तिथेच फरशी पुसत होतो, तेलावरून पाय सटकला आणि उताणा पडलो. मालक धावत आले, हात पुढे केला. तालमीत वाढल्याची सवय, अंग आपोआप उठायला निघालंच होतं. मी अंगाला थांबवलं.

"लागलं का रे?"

"नाही शेठ. पडून राहू द्या थोडं."

पाठ पूर्ण फरशीला टेकली होती. डोक्याशी क्रेट होता. मी बराच वेळ उठलो नाही.