संध्याकाळच्या दुधाआधीचा सिनेमा

सिनेमाच्या थेटरातून उलटं चालत बाहेर पडणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय? आमच्या दूध सोसायटीचे सेक्रेटरी तसे बाहेर पडायचे. सोलापुरात दुपारचा खेळ ऐन रंगात आलेला असायचा आणि हे उठायचे. काखेत पिशवी, एक हात खुर्च्यांच्या पाठी चाचपतोय, तोंड पडद्याकडे आणि पाय दाराकडे. कुणाच्या पायावर पाय पडायचा, कुणी शिवी हासडायचं. दाराचा पडदा पाठीला लागला की ते क्षणभर थांबायचे, मान हलवायचे आणि मग जे पळत सुटायचे ते थेट एस.टी. स्टँडपर्यंत.

घाई असायची ती संध्याकाळच्या दुधाची. जळकोटच्या अलीकडे हमरस्त्यावर आमचं गाव. दिवस टेकायला आला की बायाबापड्या किटल्या घेऊन सोसायटीच्या दारात उभ्या राहायच्या. सेक्रेटरींनी फॅट मोजल्याशिवाय दूध मापात पडायचं नाही, आणि दूध काही कुणासाठी थांबत नाही, ते नासतं. दुपारची गाडी चुकली की सगळ्या गावाचं दूध नासणार. म्हणून सेक्रेटरींनी आयुष्यात पाहिलेल्या एकाही सिनेमाचा शेवट पाहिला नव्हता.

बरं, आवड तरी कुणाची धरावी? एकाच दिग्दर्शकाची, आणि त्या दिग्दर्शकाला आटोपतं घेणं ठाऊकच नव्हतं. गावात सगळे त्याला 'साहेब' म्हणत. खरं नाव मी सांगत नाही. तुम्ही लगेच त्याच्या सिनेमांचे नंबर लावायला बसाल, तुमचा पहिला वेगळा निघेल आणि आपलं विनाकारण वाजेल.

आमचं रोज वाजायचं. सकाळचं दूध गाडीत चढलं की सोसायटीत बैठक बसायची. सेक्रेटरी, गावातला टेलर आणि मी. मी तिथल्या शाळेत शिक्षक होतो. सिनेमांची हिंदी नावं कुणाच्या लक्षात राहत नसत, म्हणून 'होडीचा', 'पुलाचा', 'वकिलाचा' अशी आमची घरगुती नावं होती. फॅटचे दर लिहायच्या फळ्यावर एका कोपऱ्यात सेक्रेटरी खडूने नंबर मांडायचे. एक, होडी. दोन, वकील. शेवटी, पूल. एकदा तालुक्याहून तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी फळ्याकडे बोट दाखवून विचारलं, "हे वकील किती दूध घालतात?" सेक्रेटरी गंभीरपणे म्हणाले, "आटलंय सध्या त्यांचं."

टेलरचा आक्षेप ठरलेला. "शेवट बघितल्याबिगर नंबर कसा काय देता वो तुमी?"

सेक्रेटरींचं उत्तरही ठरलेलं. "शेवट सोडून बोला, टेलर. पिच्चर मधीच असतोय."

टेलरला फार बोलायची सोय नव्हती. तो सोलापूरला माप घ्यायला, कापड आणायला जायचा, उन्हाचं थेटरात शिरायचा आणि पंख्याखाली झोपायचा. त्याने सगळ्या सिनेमांचे शेवट पाहिले होते, पण मधलं काही पाहिलं नव्हतं. दोघं मिळून एक प्रेक्षक होत होता.

'होडीचा'ला पहिला नंबर का, यावर टेलरचं मत असं की त्यात पाणी लई होतं. हे अगदीच खोटं म्हणवत नाही. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेली माणसं होती ती. पुढेही दोन वर्षांआड विहिरी कोरड्या पडायच्या. अशा गावात पडदाभर नदी वाहताना दिसली की माणूस पुढचं मागचं विसरायचा. आमच्यातल्या कुणी होडी जन्मात पाहिली नव्हती, तरी ती कशी वल्हवावी यावर तासतासभर वाद चालायचा.

गोष्ट साधी होती. नदीकाठचा एक नावाडी. लेकीने त्याच्या मनाविरुद्ध पलीकडच्या गावात लग्न केलं, म्हणून तो साऱ्या जगाला पैलतीरी नेतो, पण लेकीला होडीत घेत नाही. मग पूर येतो आणि लेक पलीकडून हाक मारते. इथं सेक्रेटरींची गाडी सुटायची वेळ व्हायची.

एका सकाळी बोलता बोलता सेक्रेटरींना भरून आलं. म्हणाले, "सगळ्यात भारी शीन कुठला सांगू? लेक होडीत बसती. बाप तिच्याकडं बघत न्हाय. निसतं इचारतो, भाकर खाल्लीस का? आन ती गुमान दुसरं वल्हं हातात घेती. ह्याच्यापुढं बाकी सगळं पाणी कम."

टेलर डोकं खाजवत म्हणाला, "आसंल. म्या झोपलो आसंन तवा."

माझा भाऊ सोलापुरात असायचा, शनिवार-रविवार माझा मुक्काम तिथेच, त्यामुळे 'होडीचा' मी पुरता पाहिला होता. त्यात भाकर कुठेच नव्हती. बाप पुरात उडी घेतो आणि बुडून मरतो, लेक काठावर हंबरडा फोडते, चिता पेटते आणि चितेभोवती एक लांबलचक गाणं होतं. मला वाटलं, सेक्रेटरी दुसऱ्या कुठल्या सिनेमातलं याच्यात मिसळतायत.

उलगडा झाला तो त्यांच्या घरी. संक्रांतीला तिळगूळ घ्यायला गेलो होतो. वहिनी चुलीपुढे होत्या. दोन म्हशी आणि अंथरुणाला खिळलेली सासू, त्यामुळे वहिनींना सोलापूरच काय, जळकोटचा बाजारही ठाऊक नव्हता. मला बघून म्हणाल्या, "गुरुजी, तुमचे लई उपकार बगा. त्यो नावाडी लेकीला भाकर खाल्ली का म्हणतो, हे तुमी ह्यांना सांगितलं तवा मला लई बरं वाटलं. मला वाटायचं, माझ्याच डोक्यातलं हाय."

मी सेक्रेटरींकडे पाहिलं. ते वहिनींच्या मागे उभे राहून दोन्ही हात जोडून मला डोळ्यांनी विनवत होते. मी म्हणालो, "हो, तसंच आहे."

परत येताना वेशीपर्यंत सोबत येऊन त्यांनी सगळं सांगितलं. लग्नानंतर पहिल्यांदा सिनेमा बघून आले तेव्हा त्यांनी वहिनींना गोष्ट सांगितली आणि शेवटाशी येऊन थांबले. वहिनी भडकल्या. अर्ध्यातून उठून यायचं होतं तर गेलात कशाला, म्हणाल्या. रात्रभर त्यांना चैन पडलं नाही, आणि सकाळी भाकरी थापता थापता त्यांनी त्या गोष्टीला स्वतःच शेवट लावला. सेक्रेटरींना तो इतका आवडला की चार दिवसांनी त्यांनी ठोकून दिलं, "गुरुजींना इचारलं. तू सांगितलं तसंच हाय, बरुबर." तेव्हापासून हा परिपाठच पडला. ते अर्धा सिनेमा घरी आणायचे, वहिनी पुरा करायच्या, आणि माझ्या नावाचा शिक्का त्यावर बसायचा. फळ्यावरचे नंबर साहेबांच्या सिनेमांचे नव्हतेच. ते वहिनींच्या शेवटांचे होते.

"खोटं कशाला बोललात?" मी विचारलं.

"गुरुजी, शेवट बरुबर निघाला म्हणलं की तिचं तोंड बगायचं व्हतं तुमी," सेक्रेटरी म्हणाले. "दिवसभर शेण-वैरण, सासूचं सगळं, आन ही एवढीच एक मजा. चुकलीस म्हणलो तर ती पुन्यांदा तोंड उघडायची न्हाय."

यानंतर काही महिन्यांनी सोसायटीची स्वतःची इमारत उभी राहिली. वर सिमेंटचा स्लॅब, आत नवी कॅन, बाहेर फुलांचा हार घातलेली पाटी. चेअरमननी ठरवलं, उद्घाटनाला गावाला सिनेमा दाखवायचा. सोलापूरहून मशीन आणि पडदा आणायचा, आणि सेक्रेटरींनी सोसायटीसाठी एवढे कष्ट केले म्हणून सिनेमा त्यांच्या आवडीचा. टाळ्या वाजल्या. एका सुरात सगळे म्हणाले, "होडीचा!"

सेक्रेटरी उभे राहिले आणि म्हणाले, "पुलाचा आणा."

टेलर बसल्या जागी दचकला. "पुलाचा? आवं, त्येला तर तुमी पार तळाला टाकलाय!"

"माझी चूक झाली. पूल लई चांगला बांधलाय त्यात."

सगळे हसले. सेक्रेटरी भिडेखातर आपली आवड मागे घेतायत असं चेअरमनना वाटलं, आणि त्यांनी 'होडीचा' पक्का करून टाकला. त्या दिवसापासून सेक्रेटरींची झोप उडाली. रोज माझ्यामागे लागायचे. मशीनवाल्याला सांगून शेवट गाळता येईल का? पावसाची काही चिन्हं? एरवी वर्षभर पावसाची वाट बघणारा माणूस त्या आठवड्यात आभाळ कोरडं राहतंय म्हणून हळहळत होता. वहिनींना म्हणे त्यांनी सुचवून पाहिलं, की मैदानात गार वारं असतंय, तू कशाला येतीस. वहिनींनी शेजारणीला सासूजवळ बसवलं, नवं लुगडं नेसलं आणि सगळ्यात आधी येऊन पडद्यासमोर पोतं टाकलं.

दिवेलागणीला सिनेमा सुरू झाला. नदी दिसताच पोरांनी शिट्ट्या वाजवल्या. एकेक रीळ संपत गेलं. लेकीने पलीकडच्या काठावरून हाक मारली आणि पडदा पांढरा झाला. रीळ बदलायचं होतं, पण शेवटचा डबा सापडेना. मशीनवाला बॅटरी घेऊन टेबलाखाली शोधू लागला. चेअरमन ओरडायला लागले. लोकांनी कालवा केला. सेक्रेटरी मशीनशेजारी मांडी घालून शांत बसले होते आणि म्हणत होते, "जाऊ द्या की. एवढं बघितलं ते काय कमी हाय?"

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून वहिनी उठल्या. गावासमोर त्या कधी मोठ्याने बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. म्हणाल्या, "आवं, उठा की! डब्यावर बसलाय तुमी."

सगळं मैदान हसून लोळलं. सेक्रेटरी उठले. त्यांनी डबा मशीनवाल्याच्या हातात दिला. मग बापाने उडी मारली. मग तो बुडाला. चिता पेटली, गाणं झालं, बायका डोळ्यांना पदर लावून रडल्या. टेलर जागा होता आणि तोही रडला. वहिनी तेवढ्या ताठ बसून होत्या.

घरी जाताना आम्ही तिघं एकाच वाटेने निघालो. पुढे वहिनी, मागे सेक्रेटरी आणि मी, दोन गुन्हेगार. मग वहिनी थांबल्या.

"गुरुजी, त्या साहेबाचं लगीन झालंय का?"

"झालं असेल की. का हो?"

"बायकू कायतरी बोलली आसती म्हणून इचारलं. इतका वखत लेकीला तिकडं उभी केली, आन शेवटी बापच मारून टाकला. सोपं हाय व्हय मारनं? बोलायला लावायचं व्हतं त्येला."

सेक्रेटरी खाली मान घालून म्हणाले, "मी खोटं बोललो तुला."

"ठावं हाय मला," वहिनी म्हणाल्या. "दहा पिच्चरचे शेवट सांगितले म्या, दाही बरुबर निघाले. एखादा तरी चुकीचा काढायचा व्हता की वो. कळत न्हाय का माणसाला?" आणि पदर तोंडाला लावून त्या इतक्या हसल्या, की सेक्रेटरीही हळूहळू हसू लागले. मला तर त्या दोघांचा हेवाच वाटला.

दुसऱ्या दिवशी टेलरने खडू पुढे केला. "आता शेवट बघितला. बोला नंबर." सेक्रेटरींनी फळ्यावर मधोमध उभी रेघ मारली. एका बाजूला लिहिलं 'साहेब', दुसऱ्या बाजूला 'घरचा'. पुढे कितीतरी वर्षं नवा सिनेमा आला की मी खरा शेवट सांगायचो, वहिनींचा घरून यायचा, आणि दोन्ही शेजारी शेजारी मांडले जायचे. निकाल बहुतेक एकाच बाजूने लागायचा. "ह्या बारीला बी साहेबाची फॅट कमी लागली," असं सेक्रेटरी जाहीर करायचे. दुधात पाणी घालणाऱ्यालासुद्धा ते इतक्या आनंदाने कधी बोलले नव्हते.

नंतर माझी परांड्याकडे बदली झाली. गाव तुटलं. एकदा तुळजापूरच्या स्टँडवर टेलर भेटला आणि त्याने सांगितलं, सेक्रेटरी गेले. सकाळचं दूध गाडीत चढवून खाली बसले ते बसलेच. मला खूप वाईट वाटलं. पुढच्या रविवारी वहिनींना भेटायला गेलो.

घरात म्हशी नव्हत्या. सासू कधीच गेली होती. वहिनींनी चहा केला, समोर बसल्या. मग म्हणाल्या, "साहेबाचा नवा आलाय म्हणं."

मी नुकताच पाहिला होता. सांगायला लागलो. शहरात गेलेला मुलगा, गावाकडे वाट बघणारी आई, मुलाचं येतो म्हणून पत्र, सजवलेलं घर. वहिनी हनुवटी गुडघ्यावर टेकून ऐकत होत्या. सेक्रेटरी कुठे उठले असते ते मला बरोबर ठाऊक होतं. तिथपर्यंत आलो आणि थांबलो.

"पुढं?" त्या म्हणाल्या.

"पुढचं तुम्ही सांगा, वहिनी."

त्यांनी बराच वेळ दाराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "न्हाय गुरुजी. तुमी बघितलाय न्हवं. तुमीच सांगा."

मी सांगितलं. मुलगा येत नाही. आई दिवा मालवते, दार लोटते आणि सिनेमा संपतो.

"बरुबर हाय," वहिनी म्हणाल्या, आणि कप उचलून आत गेल्या. साहेबांनी केलेला शेवट त्यांनी न बदलता तसाच राहू दिला, असं इतक्या वर्षांत पहिल्यांदाच झालं.