किल्ली मिळणार नाही

मक्सी रोडवरच्या तेलाच्या गोदामात अलका शितोळे पहिल्यांदा फोर्कलिफ्टवर चढल्या, तेव्हा हमाल काम सोडून तमाशा बघायला जमले होते. त्यांना गाडी शिकवली तिथल्याच जुन्या ड्रायव्हरनं, मधुकरकाकांनी. काकांच्या डाव्या पायाला तीनच बोटं उरली होती. ब्रेक न तपासता उतारावर सोडलेल्या एका गाडीनं बाकीची दोन घेतली होती. "रोज सकाळी गाडीला हात लावून बघायचं, पोरी. ती आपणहून सांगायची नाही," काका म्हणत. ते रिटायर झाले, पण अलकाताईंचा नेम मोडला नाही. टायर, साखळी, तेलाची गळती, हॉर्न, ब्रेक सगळं बघूनच त्या सीटवर बसत.

त्या मंगळवारी माल उचलायचे फोर्क पुसताना कापडाचा धागा अडकला. उजवा फोर्क जिथे वळतो, तिथे केसाएवढी रेघ होती. त्यांनी नख फिरवलं. नख अडलं. किल्ली काढून त्यांनी खिशात टाकली आणि गाडीला 'बंद'ची पाटी अडकवली.

मॅनेजर हर्षल तरातरा आला. "अलकाताई, बाहेर चार ट्रक खडे आहेत! ओरखडा आहे तो."

"मग मेकॅनिककडून तसं लिहून आणा. मी चालवणार नाही."

"किल्ली द्या. तुषार चालवेल."

"किल्लीही मिळणार नाही. टनभर माल डोक्यावरून फिरतो, साहेब. खाली माणसं असतात."

"नोकरी जाईल."

"जाऊ दे. कागदावर कारण तेवढं खरं लिहा."

हर्षलनं ऑफिसातून दुसरी किल्ली मागवली. तुषारनं गाडी अलकाताईंकडेच शिकली होती. तो वाकला, रेघेवर नख फिरवलं आणि मागे सरला. "सर, अपने से नहीं होगा."

ट्रक हातानं भरावे लागले. हमालांनी दुपारपर्यंत अलकाताईंचा उद्धार केला. त्या त्यांच्याच रांगेत तेलाचे डबे उचलत राहिल्या.

चारच्या सुमारास इंदूरहून मेकॅनिक आला. त्यानं फोर्कवर लाल रंग मारला, पुसला, वर पांढरा फवारा दिला. बघता बघता पांढऱ्यातून तड्यात मुरलेल्या रंगाची लाल रेघ उमटली, अर्ध्या रुंदीच्याही पुढे गेलेली. "दोन्ही फोर्क बदला," तो म्हणाला. "हे पकडलं कुणी?"

हर्षल मोबाइलमध्ये बघत होता.

"मी," अलकाताई म्हणाल्या.

माफी कुणी मागितली नाही. शुक्रवारी नवे फोर्क बसले आणि हर्षलनं रोजच्या तपासणीचं रजिस्टर पुढे केलं. पुढच्या अख्ख्या महिन्याच्या बरोबरच्या खुणा आधीच मारून ठेवलेल्या.

"फक्त सह्या करा."

अलकाताईंनी पेन घेतलं आणि पानभर आडवी रेघ मारली. खाली लिहिलं, 'बघितल्याशिवाय सही नाही.' मग सही केली.

हर्षलचे कान लाल झाले. थोड्या वेळानं त्यानं शिपायाला रोज भरायचं नवं, कोरं रजिस्टर आणायला टावर चौकात पाठवलं.