फोटोतला शोषखड्डा

ओढ्यात फेस सोडणाऱ्याला हुडकून काढायचं ठरलं, तेव्हा सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.

घट बसायला दोन दिवस राहिले होते. इनामगावच्या अंगाला घोड नदीला मिळणारा आमचा ओढा सकाळी पांढराफेक होता, आणि काठावर ज्ञानूआबांची म्हैस उभी होती. गाभण, दिवस भरत आलेले. आदल्या दिवसापासून तिनं पाण्याला तोंड लावलं नव्हतं. (बादलीतलं पाणी तिला चालत नाही. लाडावली आबांनीच.)

"आज बी प्याली न्हाई तर काय खरं न्हाई तिचं," आबा म्हणाले.

मी ओढा समितीचा अध्यक्ष. 'घरचं सांडपाणी घराच्या हद्दीत' यावर ग्रामसभेत पाऊण तास बोललेला माणूस. म्हणालो, "फेस येतोय तिथवर जाऊ. जो सापडेल त्यानं आजच्या आज शोषखड्डा करायचा."

"सोताच्या हातानं," आबांनी पक्कं केलं.

आम्ही पाचजण ओढ्याच्या वरच्या अंगाला निघालो. पहिल्या घराचा पाइप कोरडा. दुसऱ्याचं पाणी परसातल्या केळीला. मी शाबासकी दिली. तिसऱ्या वळणावर फेस गुडघाभर झाला, आणि मला एकदम आठवलं.

दोन वर्षांपूर्वी मीही शोषखड्डा खणला होता. दगडगोटे भरले, फोटो काढला, गावच्या ग्रुपवर टाकला. मग त्यात गाडीचं चाक रुतायला लागलं, म्हणून वर काँक्रीट ओतलं आणि पाइप मागून ओढ्यात सोडला. तात्पुरता.

मी मागं वळून म्हणालो, "आबा, ऊन वाढलंय. चहा घेऊ, उरलेलं उद्या बघू."

"म्हस उद्यापातूर तान्हेली ठिवू व्हय?"

"पण वर आता घरंच कुठं आहेत?"

"एक हाय की. तुमचं."

परसात माझी बायको मंदा पदर खोचून गोधड्या बडवत होती. घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायचंच, आणि ओढ्यावर धुवायला बंदी मीच घातलेली. अध्यक्षांचा हुकूम मानणारी गावातली ती एकटीच बाई!

"बरं झालं आलात," ती म्हणाली. "कालपासनं धुतेय, अजून सात गोधड्या हायेत. सोडा संपलाय, तेवढा आणा."

"सूनबाई, तुमचा शोषखड्डा कुठं हाय?" आबांनी विचारलं.

"फोटोतला व्हय?" तिनं गाडीकडं बोट केलं. "तिच्याखाली."

कुणीही हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मी गाडी रस्त्यावर काढली आणि पहार उचलली. काँक्रीट फुटलं, हाताला फोड आले, पाइप खड्ड्याकडं वळला. दिवस कलता कलता ओढा निवळला. म्हैस पाण्यात उतरली आणि किती वेळ पीतच राहिली. आबांनी डोळे पुसले. खरं सांगतो, मीही.

म्हैस सुखरूप व्याली. आता रोज निवांत पाणी पिते. फक्त मी काठावर दिसलो की तोंड वर काढते, आणि अध्यक्ष निघून जाईपर्यंत थांबते.